अरंगेत्रम राहिलं, तक्रार केली (माझा अनुभव)

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात तीन पिढ्या झाल्या. लेक चौदा वर्षांची, सहाव्या वर्षापासून भरतनाट्यम शिकतेय, अरंगेत्रम (स्टेजवरचा पहिला एकटीचा कार्यक्रम) दोन महिन्यांवर आलेलं, हॉलचं डिपॉझिट भरलेलं, मृदंगमवाले ठरलेले, कॉश्च्युम शिवायला टाकलेला आणि एका रात्री ती म्हणाली, आई, मला रविवारच्या एक्स्ट्रा प्रॅक्टिसला नाही जायचं.

खरं सांगते, मी आधी तिच्यावरच चिडले. मी पण लहानपणी शिकलेय, अरमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) बसत नसेल तर गुरू गुडघा धरून दाखवतात, पाठ सरळ करतात, त्यात काय एवढं, असं माझं डोकं. मग तिने फोन पुढे केला. क्लासच्या सरांचे रात्री साडेअकराचे मेसेज, "आईला सांगू नकोस", आणि खाली "अरंगेत्रम करायचंय ना?" बाकीचं नंतर तुकड्यातुकड्यात कळलं.

तरी अकरा दिवस मी घालवलेच. क्लासवाल्यांकडे गेले तर म्हणे बेन, आतल्या आत मिटवू, मुलीची जात आहे. जाऊबाईंचंही तेच. शेवटी भाऊ, तो एका वकिलांच्या ऑफिसात कामाला आहे, म्हणाला ताई, हे मिटवायचं तुमच्या हातात नाहीच, पॉक्सो आहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 पासून, अठराच्या आतल्या पोराचं असं काही कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या माणसाचं दडवलं तर त्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि एकही मेसेज डिलीट करू नका, ह्यांना फोन करून शिव्या घालू देऊ नकोस (आमचे हे फोन हातात घेऊनच बसले होते).

मला वाटलेलं तक्रार द्यायला चौकीत बाकावर ताटकळत बसवतील. पण पीएसआय बेन घरी आल्या, साध्या ड्रेसमध्ये, वर्दी घालायची नाही असा कायदाच आहे म्हणे. जबाब मी शेजारी असतानाच घेतला. बेन गुजरातीत लिहीत होत्या, लेक अर्धं मराठी अर्धं गुजराती. लिहिलेलं वाचून दाखवताना "सर हाथ लगाडे छे" असं आलं तर ही पटकन म्हणाली, "ना, लगाडता नथी, राखे छे." आणि माझ्याकडे बघून मराठीत, "काढतच नाहीत गं." बेननी ती ओळ खोडून पुन्हा लिहिली. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब पण झाला, त्याला फार वेळ लागला नाही. हॉलवाल्याने डिपॉझिट दिलेलं नाही, ते असो.

आता कोर्टात तिची साक्ष व्हायचीय. सर समोर असतील का, हे ती रोज विचारायची. मदतीला नेमलेल्या ताईंनी समजावलं, ते तुला दिसणार नाहीत अशी सोय करतात, पडदा लावतात नाहीतर व्हिडिओवर घेतात.

"पण त्यांना मी बोललेलं ऐकू येईल?"

येईल, म्हणाल्या.

"मग ठीक आहे."