दात आंबतात, पण कीड नाही

कैरी खाल्ली की दात आंबायचेच. पण माठातल्या पाण्यानेही आंबायला लागले आणि आरशात काळं काही दिसत नसेल, तर पहिला संशय झिजेवर घ्यावा.

झीज तीन तऱ्हांची: दातावर दात घासून, ब्रश किंवा मशेरीने घासून आणि आम्लाने विरघळून. बहुतेक तोंडांत यातल्या दोन तरी एकत्र नांदतात. म्हणून डेंटिस्ट आधी दात हवेने कोरडा करतो, कारण लाळेने ओला दात सगळं लपवतो. कोरड्या दातावरचे बारीक आडवे पन्हाळे नाहीसे होऊन तो रेशमासारखा गुळगुळीत दिसत असेल, तर आम्लाचं काम सुरू झालंय.

सगळ्यात बोलका पुरावा जुन्या चांदीच्या फिलिंगचा. आम्ल दात विरघळवतं, फिलिंगला फारसं काही करत नाही. त्यामुळे आजूबाजूचा दात खाली जातो आणि फिलिंग पाण्यातल्या बेटासारखं वर राहतं. रात्री दात खाणाऱ्यांचं उलट: दात आणि फिलिंग एकाच पातळीत सपाट होतात, आणि वरच्या दाताचा सपाट, चकचकीत भाग खालच्या दाताच्या तशाच भागावर अचूक बसतो. दाढेच्या टोकांवर वाटीसारखे पिवळसर खळगे असले, तर पुन्हा आम्ल. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, झिजून आतला मऊ थर, डेंटिन, उघडा पडला की तो जास्त वेगाने झिजतो, म्हणून वाटी.

जागाही सांगते. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू गेली असेल, तर आम्ल पोटातून वर येतंय. अशा वेळी पित्ताचा इलाज डॉक्टरांकडे व्हायला हवा. दातात नुसतं भरून उपयोग नाही. समोरची, ओठांकडची बाजू गेली असेल तर खाण्यापिण्याकडे बघायचं.

इथे पुणेकरांची एक सवय आडवी येते. सिंहगड चढून किंवा टेकडीवरून उतरून, घामाघूम, लगेच लिंबू सरबत. लिंबाच्या रसाचा पीएच (जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) 2 ते 2.5, आणि इनॅमल साधारण 5.5 च्या खाली विरघळायला लागतं. आम्ल शांत करायचं काम लाळेचं, आणि नेमकी तेव्हाच तोंडाला कोरड पडलेली असते. आधी दोन घोट साधं पाणी, मग सरबत, तेही घोटघोट चघळत न बसता, आणि शेवटी साध्या पाण्याने चूळ. लगेच ब्रश मात्र नको: मऊ पडलेलं इनॅमल ब्रशने खरवडलं जातं. अर्धा-एक तास जाऊ द्या.

हिरडीलगतच्या इंग्रजी व्हीसारख्या खाचा हा वेगळा विषय. सुळा आणि त्याच्या मागच्या दोन छोट्या दाढा यांना त्या जास्त पडतात. कारणं: खसाखसा आडवं घासणं, कडक ब्रश, मशेरी, राखुंडी. (मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात राहोत, तोंडाच्या कॅन्सरचंही बघा.) उथळ खाच आणि सौम्य शिणशिण असेल, तर मऊ ब्रश आणि 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट रोज दोनदा. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत ट्यूब फेकू नये.

खाच मिलिमीटरभर किंवा जास्त खोल असेल, अन्न अडकत असेल, तर भरतात. आणि ‘डॉक्टर, फिलिंग पडलं’ ही तक्रार सर्वाधिक इथलीच. कारणं ठरलेली. जुन्या खाचेचा तळ काचेसारखा घट्ट होतो, त्यावर चिकटद्रव्य नीट धरत नाही. म्हणून बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) तो हलकासा खरखरीत करावा लागतो. हिरडीतून पाझर येतो, म्हणून आधी हिरडीच्या कडेत बारीक दोरा सरकवायचा. मग फॉस्फोरिक आम्लाचं जेल, इनॅमलवर 15 ते 30 सेकंद पण डेंटिनवर 15 पेक्षा जास्त नाही. धुवायचं, डेंटिन ठणठणीत वाळवायचं नाही, किंचित ओलसर ठेवायचं. बाँडिंग, म्हणजे चिकटद्रव्याचा थर, मग काँपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) पातळ थरांत, प्रत्येक थर साधारण 20 सेकंद प्रकाशाने घट्ट करून. पाझर थांबतच नसेल तर रेझिन मिसळलेलं ग्लास आयोनोमर हे दुसरं फिलिंग बरं. दिसायला डावं, पण ओलाव्यात टिकाव धरतं.

पुढचे दात झिजून आखूड झाले असतील तर नवं लावायला जागाच उरत नाही, कारण झिजता झिजता दात बाहेर सरकत आलेले असतात. निरोगी दात आणखी घासून कॅप बसवण्याआधी डाल पद्धतीबद्दल विचारा. नॉर्वेच्या डाल यांनी 1975 मध्ये मांडलेली ही युक्ती: पुढच्या दातांवर मुद्दाम उंची चढवायची, दाढा तात्पुरत्या टेकत नाहीत, आणि बहुधा काही महिन्यांत त्या आपोआप भेटतात. तोवर चावायला अडचण होते, हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण पंधरा दिवसांत भांडायला येतो.

रात्री दात खाणाऱ्याला कडक ॲक्रिलिकचा नाइट गार्ड. मऊ गार्ड स्वस्त, पण काही जण तो आणखी चावत बसतात. गार्ड दर भेटीला सोबत न्या: त्यावरचे ओरखडे बघून कळतं की रात्री काय चाललंय. आणि पहिल्याच भेटीत दातांचे फोटो, प्लास्टरचा साचा किंवा स्कॅन करून ठेवायला सांगा. सहा महिने-वर्षाने तोच साचा शेजारी ठेवला, तरच झीज पुढे सरकतेय की थांबलीय हे कळतं.