टू-इन-वनच्या पोटातल्या वायरी

गोव्यात जुन्या टू-इन-वनना, म्हणजे रेडिओ आणि कॅसेटचा टेप एकाच डब्यात असलेल्या मशीनना, काही तोटा नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी बोटीवर नाहीतर आखातात, कुवेत बहारीन दुबई असं कुठेतरी कामाला असायचं आणि सुट्टीवर येताना दोन वस्तू हमखास आणायचं, एक जाडजूड ब्लँकेट आणि दुसरा टू-इन-वन. सॅन्यो, शार्प, नॅशनल, आयवा. बाहेरचा माल तेव्हा आपल्या बाजारात सरळ मिळत नसे, कस्टमची भानगड असायची, त्यामुळे तो डबा घरात आला की शोकेसवर क्रोशाचं कव्हर घालून ठेवायचे आणि पोरांनी हात लावायचा नाही अशी ताकीद. पुढे सीडी आली, मग मोबाइल आला आणि डबा गेला माळ्यावर. आता कधीतरी घर रंगवायला काढतात, माळा रिकामा होतो आणि मला फोन येतो, "तू करतोस ना रे असलं काहीतरी?"

करतो. धंदा नाही, हौस. पण जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला मी नाही हे आधीच सांगून टाकतो. आजच्या साध्या ब्लूटूथ स्पीकरचा बेस त्या अवजड डब्यापेक्षा जास्त असतो, टेपची ती मागची सूंऽऽ पण नसते, आणि मेड इन जपान म्हटलं की डोळे मिटून घेणारी माणसं भेटली की मला थोडा कंटाळाच येतो. मला आवडतं ते इतकंच की हा डबा उघडता येतो. मागच्या झाकणावर पाच-सात स्क्रू, आणि कुठला स्क्रू काढायचा त्याच्या शेजारी प्लास्टिकमध्येच छोटा बाण कोरलेला. म्हणजे ज्याने तो बनवला त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की कुणीतरी हा एक दिवस उघडणार. आजकालच्या वस्तू गोंदाने चिकटवलेल्या, उघडायला गेलं की तुटतात.

उघडायची मात्र घाई करायची नाही. स्क्रू निघाले की माणसाला वाटतं झालं, ओढा झाकण. पण सेलचा कप्पा असतो मागच्या अर्ध्यात, ज्यावर सगळे पार्ट बसवलेले तो बोर्ड असतो पुढच्या अर्ध्यात, आणि दोन्हीच्या मध्ये वायरी. वरची ओढायची अँटेना पण एका वायरीनेच बोर्डाला जोडलेली. झाकण जोरात ओढलं की होता तो बिघाड राहतो बाजूला आणि तुम्ही नवीन दोन तयार करून ठेवता. मी आधी बोटभर फट करतो, टॉर्च मारतो, मोबाइलवर फोटो काढतो, मग पुढे.

आत बघितलं की वायरींचं जंगल. लाल, काळी, पिवळी, निळी, मधेच एक जाडी करड्या कव्हरची, ती टेपच्या हेडकडे, म्हणजे कॅसेटच्या फितीला टेकून आवाज वाचणाऱ्या भागाकडे जाते, कारण हेडमधून येणारा सिग्नल इतका बारीक की उघड्या वायरीने नेला तर घरातल्या लाइटची सगळी घुरघुर, म्हणजे हम, सोबत घेऊन येईल. बहुतेक जोड हाताने केलेले. ठिकठिकाणी वायर हलू नये म्हणून गोंदाचा थेंब टाकलेला असतो, मूळचा फिकट पिवळा, आता काळपट तपकिरी. याच्यावर लक्ष ठेवायचं. असले काही जुने गोंद वयाबरोबर तांबं खातात आणि थोडाफार करंटही जाऊ देतात, म्हणजे ज्याला वायरीची राखण करायला ठेवला तोच तिला कुरतडतोय. खरवडून काढायचा, हळूहळू.

आणि मग आपली हवा. समुद्र जवळ, जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी, कपाटातल्या चपलांना बुरशी, तिथे तांब्याच्या वायरीची काय कथा. वरून रबर छान दिसतं, लाल म्हणजे लालच, सोलून बघा तर आत तांबं काळं नाहीतर हिरवं. काळ्या तांब्यावर सोल्डर, म्हणजे जोडायचा वितळवलेला धातू, धरतच नाही, थेंब गोल होतो आणि घरंगळून टेबलावर. मग थोडं मागे जाऊन परत सोलायचं, तरी काळं, अजून मागे, तरी काळं. अशी वायर चांगली निघेपर्यंत कापत बसण्यात अर्थ नसतो, अख्खीच बदलायची. सेलच्या कप्प्यातून निघणाऱ्या वायरी तर जवळजवळ नेहमीच गेलेल्या असतात कारण कुणीतरी शेवटचे सेल आतच विसरलेलं असतं. सेल फुटतात, त्यातलं पाणी स्प्रिंग खातं आणि वायरीच्या कव्हरखालून आत शिरतं, आपल्याला बाहेरून पत्ता नाही.

इथे एक गोष्ट लोक सर्रास उलटी करतात. सेल कुठला फुटला ते न बघता सगळ्याला लिंबू नाहीतर व्हिनेगर लावतात. अल्कलाइन सेल असेल तर बरोबर आहे, त्यातून क्षार बाहेर येतो, त्याला आंबट चालतं, मी तर शेजारणीकडचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर कापसाच्या बोळ्यावर घेऊन लावतो, मस्त फसफसतं. पण त्या काळचे आपले साधे स्वस्त सेल जस्त-कार्बनचे, त्यातून येतं ते मुळात आम्लच. त्याला खायचा सोडा पाण्यात कालवून. नंतर दोन्ही बाबतीत स्वच्छ पुसायचं आणि चांगलं वाळवायचं, आणि वाळवायचं म्हणजे ऑगस्टमध्ये उगाच उन्हाची वाट बघत बसू नका, मी सरळ डबा फ्रिजच्या मागच्या बाजूला ठेवतो जिथे जरा ऊब असते.

आता सोल्डरिंग. सोल्डर वितळवायला पंचवीस वॅटचं साधं आयर्न, म्हणजे तापणाऱ्या टोकाची दांडी, पुरतं. सोल्डर मी अजून तेच जुनं वापरतो, साठ टक्के कथील चाळीस टक्के शिसं, ते १८३ अंशांला वितळायला लागतं. २००६ पासून युरोपात नव्या बहुतेक मालातून शिसं हद्दपार झालं, बिनशिशाचं सोल्डर २२० च्या आसपास वितळतं, आणि चाळीस वर्षांच्या बोर्डावर तेवढी उष्णता द्यायची म्हणजे तांब्याची पट्टीच उखडून हातात यायची भीती. हा डबा शिशावर वाढलाय, त्याला शिसंच द्यावं. काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, चहाचा कप टेबलावर ठेवायचा नाही, बस.

खरी गंमत त्या दोन सेकंदांत आहे. वायरीचे पीळ आधी बोटांनी घट्ट करायचे, त्यावर थोडं सोल्डर चढवून घ्यायचं, भांड्याला कल्हई करतात तसं पातळ. मग आयर्नचं टोक जोडाला टेकवायचं, सोल्डरला नाही, जोडाला, आणि सोल्डरची तार दुसऱ्या बाजूने आणायची. क्षणभर काहीच होत नाही. मग सोल्डरच्या तारेतल्या राळेचा एकदम तो धूर, आणि तार मऊ होऊन आपल्या आपण वायरीच्या पिळांत ओढली जाते, आपण ढकलायचं नसतं. आयर्न काढलं की वायर हलू द्यायची नाही, श्वास पण जरा बेतानेच. जोड ओला चमकतो आणि तसाच चमकत गोठला तर पास. पांढुरका दाणेदार झाला तर तो वरून चिकटलाय फक्त, महिन्याभरात सुटणार, परत तापवा. हे सगळं पंखा बंद करून, कारण पंख्याच्या वाऱ्याने छोटा जोड भलत्या वेळी थंड होतो, खिडकी उघडी ठेवायची धुरासाठी. मे महिन्यात गोव्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. घरचे म्हणतात याला वेड लागलंय, घाम त्या मशीनवर पडेल आधी.

काकांचा डबा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा डावा स्पीकर मुका होता. काका कुवेतला होते, तिथून आणलेला, आठ मोठ्या सेलवर चालणारा, मागे ११० आणि २२० व्होल्टचा छोटा सरकता स्विच, आणि त्या स्विचवर काकांनी लावलेली डॉक्टरी चिकटपट्टी. चुकून कुणी ११० वर सरकवला आणि आपल्या घरच्या लाइटला लावला तर ट्रान्सफॉर्मरची राख, म्हणून. ती पट्टी मी काढली नाही. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली, काकी म्हणाली, "स्पीकरच गेलाय रे तो, एकाला दाखवला होता, म्हणाला आयसी गेली, मिळत नाही."

आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी ती काळी चिप, धडधाकट होती. आमच्या गावात पूर्वी एक रेडिओ दुरुस्त करणारे होते, ते म्हणायचे आधी वायर हलव, मग मीटर काढ. तेच केलं. लाकडी काडीने एकेक वायर टोचत गेलो, डबा चालू, आणि हेडफोनच्या भोकाजवळ आलो तशी डाव्या बाजूने खर्र करून आवाज आला आणि गेला. आता हेडफोनचं भोक म्हणजे नुसतं भोक नसतं, तो स्विच असतो. पिन घातली की आतली पत्ती उचलली जाते आणि स्पीकर बंद होतात, पिन काढली की पत्ती परत टेकते. पत्ती हवेने काळी पडली की टेकूनही टेकत नाही, सेट समजतो हेडफोन लावलाय. वर त्या भोकाच्या पायांचं सोल्डर गोल तडकलेलं, डोळ्याला भिंग लावल्याशिवाय दिसत नाही अशी बारीक चीर, पिन काढघाल करून करून. पत्तीवर क्लीनर, पायांना नवीन सोल्डर, डावा स्पीकर बोलला.

बोलला पण आवाज पोकळ. दोन्ही स्पीकर चालू आणि तबला कुठे गेला कळेना. कुणीतरी मागे स्पीकर काढून लावताना एकाच्या लाल-काळ्या वायरी उलट्या जोडल्या होत्या, म्हणजे एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. हे तपासायला काही लागत नाही, वायरी सोडवून स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लागला तर पडदा पुढे उडी मारतो. उलट्या वायरी सुलट केल्या आणि तबला घरी आला.

रेडिओ जास्त नाजूक. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार, ती एकच दिसते पण असते अनेक केसांइतक्या तारांची, आणि प्रत्येकीवर वेगळं वार्निश. त्यातली अर्धी तुटली तरी रेडिओ चालतो, नुसता बहिरट होतो. पूर्वी १२८७ किलोहर्ट्झवर पणजी आकाशवाणी लावताना काका अख्खा डबा टेबलावर थोडा थोडा फिरवायचे, आम्हाला वाटायचं उगाच, पण ती कांडी स्टेशनच्या बाजूला आडवी आली की आवाज भरतो, टोकाने वळली की मरतो. त्या तारेला मी अगदी नाइलाज असेल तरच हात लावतो. इथे शाबूत होती, सोडून दिली.

सोडून देणं हेच माझ्या मते यातलं अवघड काम आहे. सोल्डरिंग कुणीही शिकेल. एकदा डबा उघडला आणि हातात गरम आयर्न असलं की सगळंच नवीन करावंसं वाटतं, आणि चांगले चाललेले जोड उगाच परत तापवणारे मी बघितलेत. टेपचा बेल्ट बदलला, तो वितळून डांबर झाला होता, इलाज नव्हता. आकडे मोजणारा काउंटर अडकलाय तो तसाच. पण सगळ्यात मोठा मोह होता हेडशेजारच्या छोट्या स्क्रूचा.

त्याचं असं आहे की हेड टेपला बरोबर काटकोनात नसेल तर वरचे सूर गायब होतात, आवाज रजईतून आल्यासारखा. काकांच्या डब्यावर नाट्यगीतांची विकतची कॅसेट लावली तर तशीच बोंब. तो स्क्रू पाव फेरा फिरवला की गाणं लख्ख. मी स्क्रूड्रायव्हर लावला पण होता. पण मग काकीने दुसरी पिशवी आणली, त्यात काकांनी याच डब्यावर भरलेल्या कॅसेट. जत्रेतल्या नाटकाच्या तालमी, देवळाच्या मंडपात केलेल्या. हेड वाकडं असेल तर ते तेव्हाही वाकडंच होतं आणि त्या तालमी त्या वाकड्या हेडनेच लिहिल्यात, त्यामुळे त्या नीट ऐकू येणार त्याच हेडवर. लावून बघितली, लख्ख. विकतची कॅसेट कुठल्याही टेपवर ऐकता येईल, ही नाही. स्क्रूड्रायव्हर परत डब्यात.

त्या तालमी ऐकायला भारी आहेत. डब्याच्या आतल्या माइकला आवाज आपोआप कमी-जास्त करायची सोय असते, कुणी ओरडलं की तो पटकन कान मिटतो, शांतता झाली की हळूहळू उघडत जातो. त्यामुळे नायक तावातावाने वाक्य टाकतो, मग विसरतो, थांबतो, आणि त्या थांबण्यात मागचे बेडूक वर वर येत जातात, इतके की मंडपात बसलेत असं वाटतं, आणि तेवढ्यात नायकापेक्षा मोठ्याने प्रॉम्प्टर पुढचं वाक्य सांगतो कारण डबा ठेवलेला त्याच्याच पायाशी. बेडूक एकदम गप्प.

काकीचं ठाम म्हणणं आहे की तो प्रॉम्प्टर म्हणजे आमचे काकाच. शेजारची म्हातारी म्हणते छे गो, तुझा घोव त्या साली कुवेतला होता, तो आवाज माझ्या भावाचा. काकी म्हणते मग डबा काय पोस्टाने आला? यावर ती कॅसेट परत पहिल्यापासून लावली जाते. काउंटर अडकलेला, त्यामुळे ते वाक्य शोधायला दर वेळी पुढे-मागे, पुढे-मागे, आणि परवा पावसात लाइट गेली तेव्हा मला फोन, आठ मोठे सेल घेऊन ये, आणि हो, काम झालं की बाहेर काढून ठेवायचे म्हणतोस ना, ते तूच येऊन काढ.