कुवेतमधल्या भारतीय राजदूताचा आठवडा

कुवेतमध्ये कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. दिल्लीत शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे दोन्हीकडची कार्यालयं एका वेळी उघडी सापडतात ती सोमवार ते गुरुवार, चारच दिवस. त्यात कुवेतचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. दिल्लीत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे दुपारचे साडेतीन. गुरुवारी पाठवलेल्या कागदावर दिल्लीने शुक्रवारी शंका काढली, तर ती रविवारी वाचली जाते आणि उत्तर दिल्लीत उघडतं सोमवारी. जवळपास दहा लाख भारतीय ज्या देशात राहतात, तिथे गुरुवार ते सोमवार हे चार दिवस कोणाच्या तरी घरच्यांसाठी फार मोठे असतात.

नेमणुकीची रीत थोडक्यात सांगतो. राजदूताचं नाव ठरलं की आधी ते गाजावाजा न करता कुवेतला कळवतात आणि होकार आल्यावरच जाहीर करतात. यजमान देशाने नकार दिला तर कारण सांगायची गरज नसते, १९६१ च्या व्हिएन्ना करारातच तसं लिहिलं आहे. येताना राजदूत राष्ट्रपतींच्या सहीची दोन पत्रं आणतो, एक स्वतःच्या नेमणुकीचं आणि दुसरं आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचं. त्यांची प्रत परराष्ट्र मंत्र्यांकडे देतात, मूळ पत्रं समारंभात अमीरांच्या, म्हणजे कुवेतच्या राज्यप्रमुखांच्या, हाती. फोटो छापून येतो तो या समारंभाचा.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त चालतो तो कागद म्हणजे नोट व्हर्बाल, दूतावासाने परराष्ट्र मंत्रालयाला पाठवायचं अधिकृत पत्र. ती तृतीयपुरुषी असते: ‘भारताचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयास सादर अभिवादन करून कळवतो की...’ खाली पूर्ण सही नसते, फक्त आद्याक्षरं आणि शिक्का. पोलीस ठाणं असो, कामगार खातं असो की तुरुंग, अधिकृत विनंती जाते ती परराष्ट्र मंत्रालयामार्फत किंवा त्याने ठरवून दिलेल्या वाटेने. बाहेरून ही दिरंगाई वाटते. पण नोंद झालेल्या नोटीला उत्तर मागता येतं, फोनवरच्या आश्वासनाला नाही. म्हणून फोन करायचाच, पण नोट पाठवल्यावर.

सगळ्यात जड काम मृत्यूचं. कामगार रुग्णालयात वारला तर वैद्यकीय अहवाल आणि मृत्यूचा दाखला लागतो. अपघात किंवा आत्महत्या असेल तर त्यावर पोलिसांचा अहवाल, आणि अरबी कागदांचं भाषांतर. मग भारतातल्या जवळच्या नातेवाइकाचं संमतिपत्र येतं: मृतदेह भारतात आणायचा की तिथेच अंत्यसंस्कार करायचे, ताब्यात कोण घेणार, थकलेला पगार आणि नुकसानभरपाई कोणाच्या नावे. ते हातात आलं की दूतावास मृत्यूची नोंद करतो, पासपोर्ट रद्द करतो आणि ना-हरकत पत्र देतो. त्यानंतर एम्बामिंग, म्हणजे मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया, मग शवपेटी, विमानाच्या कार्गोत जागा. इकडे उतरताना विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाला मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, ना-हरकत पत्र आणि रद्द पासपोर्टची प्रत दाखवावी लागते.

अडतं कुठे? पासपोर्टवरचं नाव आणि तिथल्या सिव्हिल आयडीवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक पडतो. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे मालकाकडे, असतो आणि तो फोन उचलत नाही. बायको एक म्हणते, भाऊ दुसरं. खर्च साधारणपणे मालकाने करायचा असतो. तो हात वर करतो किंवा कामगार त्याच्याकडून पळालेला म्हणून नोंदलेला असतो, तेव्हा २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून पैसे देता येतात. त्याची मंजुरी राजदूताच्या टेबलावर येते, आणि ती फाइल त्या दिवशीच हलली पाहिजे.

दिवाणियांना जाणं म्हणजे राजदूताची चैन, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी सहमत नाही. कुवेतमधल्या मोठ्या घरांत पुरुषांच्या बैठकीची वेगळी खोली असते, तीच दिवाणिया, भिंतीलगत चारी बाजूंनी आसनं. रमझानमध्ये रात्रीच्या नमाजानंतर राजदूत एका रात्रीत अशा अनेक बैठका करतो. आत शिरल्यावर उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवायचा. कान नसलेल्या छोट्या कपात कॉफी येते, ती उजव्या हाताने घ्यायची. आणखी नको असेल तर कप हलकेच हलवून परत द्यायचा, नाहीतर वाढणारा भरतच राहतो. धुपाचं पात्र फिरलं की उठायचं. पंधरा-वीस मिनिटांत कामाचं बोलणं जवळजवळ होत नाही. पण तिथे भेटलेला खात्याचा अधिकारी सुट्टीच्या दिवशी फोन उचलतो, आणि कोणत्याही नोटीने ते साधत नाही.

१२ जून २०२४ ला, बुधवारी पहाटे, मंगाफमधल्या कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून जास्त भारतीय गेले, त्यांत एक महाराष्ट्रातला. काही मृतदेह ओळखण्यापलीकडे जळाले होते, डीएनए तपासण्या कराव्या लागल्या. वर सांगितलेला कागदांचा सगळा क्रम तितक्या वेळा, आणि समोर शुक्रवारची सुट्टी, त्यामागे ईद. तरीही हवाई दलाचं विमान शुक्रवारी, १४ तारखेला सकाळी कोचीला उतरलं. त्याच महिन्यात, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपलेल्यांना दंड न भरता देश सोडण्याची मुभा देणारी माफी चालू होती. पासपोर्ट नसलेल्यांना परतीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट द्यायचं कामही त्याच दूतावासाकडे होतं.

कोणी आखाती देशात कामाला असेल तर घरी एवढं जवळ ठेवा: पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, व्हिसा आणि सिव्हिल आयडीचा फोटो, नोकरीचा करार, मालकाचं नाव आणि फोन, खोलीतल्या एका सहकाऱ्याचा नंबर. संमतिपत्र लिहायची वेळ आली तर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न बदलता लिहा, आणि ताब्यात घेणारा माणूस एकच ठरवा.