३५० ग्रॅमसाठी केवढा खटाटोप

आमच्या अकोल्यात मे महिन्यात एसी बंद पडणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच विचारा. माझी अकरा वर्षांची हॅचबॅक, गार हवा कमी झाली म्हणून रस्त्यावरच्या एका एसीवाल्याकडे नेली. त्याने गेज म्हणजे प्रेशर मोजायचं मीटर लावलं, निळा काटा बघितला, म्हणाला गॅस कमी आहे भाऊ, आणि अख्खा कॅन आत सोडला. वीस मिनिटांत काम खल्लास, ८०० रुपये.

दोन दिवस बरं वाटलं. मग एक गंमत लक्षात आली, हायवेला मस्त गार आणि सिग्नलला थांबलं की पाच मिनिटांत गरम वाफा. मला वाटलं फॅन गेला, फॅन तर फिरत होता. परत त्याच्याकडे गेलो तर म्हणतो अजून थोडा गॅस टाकू का!! तिथून सटकलो.

घरी येऊन बॉनेट उघडलं तर आतल्या बाजूला स्टिकर होता, इतकी वर्षं कधी वाचलाच नव्हता. आर-१३४ए, म्हणजे एसीतला गॅस, आणि भरायचा किती तर ३५० ग्रॅम. आणि त्या कॅनवर लिहिलेलं होतं ४५० ग्रॅम, वर आधीचा उरलेला आतच होता तो वेगळाच.

मग एका ओळखीच्याने दुसरं गॅरेज सांगितलं, तिथे काट्यावर तोलून भरतात. तिथल्या काकांनी आधी मशीनने आतला सगळा गॅस काढून घेतला, निघाला ५१० ग्रॅम. म्हणाले, गॅस जास्त झाला की पुढच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅस थंड होऊन त्याचा द्रव होतो त्या जाळीत, द्रव साठून राहतो, थंड व्हायला जागाच उरत नाही, गाडी उभी असली की वारा लागत नाही, प्रेशर चढतं आणि प्रेशरचा स्विच कंप्रेसरच, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंपच, बंद करतो. इंजिन बंद असताना गेज बघून तर काहीच कळत नाही, आत द्रव आहे तोवर काटा बाहेरच्या तापमानाप्रमाणेच दाखवणार, मग गॅस २०० ग्रॅम असो की ५००. हे मला आधी माहीतच नव्हतं राव.

मग नायट्रोजन भरून सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, कंडेन्सरच्या पाइपाजवळ बारीक बुडबुडे. तीसेक रुपयांची ओ-रिंग! ती बदलली, अर्धा तास व्हॅक्यूम मारला म्हणजे आतली हवा आणि ओल निघून जाते, काटा हलत नाही ना ते पंधरा मिनिटं बघत बसलो, चहा झाला. शेवटी कॅन वजनकाट्यावर ठेवून ३५० ग्रॅम झाल्याबरोबर व्हॉल्व्ह बंद.

गाडी रेसला धरून आतल्या एसीच्या जाळीत थर्मामीटर खुपसला, ९ डिग्री. बाहेर ४३. एकूण २२०० गेले, आधीचे ८०० पाण्यात. येताना मुद्दाम सगळ्यात लांबच्या सिग्नलला गाडी घातली, काचा बंद, आणि पहिल्यांदाच वाटलं की लाल दिवा अजून थोडा राहू दे.