पहिली क्रूझ : बाटलीचे नियम आणि बंदरावरचे घड्याळ

इटलीतल्या त्रिएस्तेच्या बंदरात जहाजावर चढून तीन तास उलटले, तरी आमच्या चार बॅगांपैकी तीनच केबिनच्या दारापर्यंत पोहोचल्या होत्या. चौथी साडूभाऊंची होती. संध्याकाळी त्यांना खालच्या डेकवरच्या सुरक्षा विभागाच्या खोलीत बोलावणे आले आणि सोबत म्हणून मीही गेलो. तिथे दहा-बारा बॅगा ओळीने मांडून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या मालकांच्या चेहऱ्यांवर वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलांचा भाव होता. अधिकाऱ्याने अतिशय सौजन्याने बॅग उघडायला लावली, सदऱ्यात गुंडाळलेली व्हिस्कीची बाटली आणि तिच्या शेजारची छोटी इस्त्री बाहेर काढली, दोन पावत्या लिहून दिल्या आणि दोन्ही वस्तू शेवटच्या दिवशी परत मिळतील असे सांगितले. इस्त्री आगीच्या भीतीने काढून घेतात, हे त्या खोलीत कळले. बाटलीचा नियम मात्र तिकिटाच्या अटींमध्ये छापलेला होता आणि तो आमच्यापैकी एकानेही वाचला नव्हता.

सात रात्रींची आमची क्रूझ त्रिएस्तेहून निघून माँटेनेग्रोतले कोटोर, ग्रीसमधली कातकोलो, सँटोरिनी, पिरेअस आणि क्रोएशियातले स्प्लिट करून पुन्हा त्रिएस्तेलाच संपणार होती. (2021 च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात प्रवेश नाही, त्यामुळे अशा अनेक फेऱ्या आता त्रिएस्तेसारख्या बंदरांतून सुटतात.) स्थळांची वर्णने पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला ज्या दोन गोष्टी हमखास अडवतात, त्यांच्याविषयीच इथे लिहितो.

मद्याबाबत कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत, पण त्यांचा साचा ठरलेला आहे. बीअर आणि व्हिस्की-रमसारखी कडक मद्ये घरून आणायला जवळपास कुठेच परवानगी नसते. वाईनबाबत थोडी ढिलाई असते : अनेक कंपन्या पहिल्या दिवशी चढताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला 750 मिलिलिटरची एक बाटली आणू देतात, मात्र ती हातातल्या सामानात असावी लागते, काही कंपन्या तेवढीही चालवून घेत नाहीत. अशी बाटली केबिनमध्ये उघडली तर प्रश्न नसतो, पण तीच जेवणाच्या दालनात नेली की बूच उघडण्याचे शुल्क, ज्याला तिथे कॉर्केज म्हणतात, बिलात लागते. माउथवॉशच्या बाटलीत मद्य भरून नेण्याच्या युक्त्या सांगणारे बरेच भेटतील. तपासणीच्या यंत्रापाशी रोज शेकडो बॅगा पाहणाऱ्या माणसाला त्या आपल्याआधी ठाऊक झालेल्या असतात, एवढे लक्षात ठेवावे.

बंदरात उतरून घेतलेल्या बाटलीलाही हाच न्याय लागतो. कोटोरमध्ये साडूभाऊंनी रकिया या तिथल्या फळांच्या ब्रँडीची एक देखणी बाटली घेतली; जहाजात शिरताना ती क्ष-किरण यंत्रात दिसली आणि पावती देऊन जमा करून घेण्यात आली. एवढेच कशाला, जहाजावरच्या करमुक्त दुकानातून घेतलेले मद्यदेखील बहुधा प्रवास संपतानाच हातात पडते. हे दुकान जहाज बंदरात उभे असताना बंद असते, तेव्हा तिथली खरेदी समुद्रातल्या संध्याकाळी उरकावी.

पेयांचे पॅकेज घ्यावे की नाही, यावर आमच्यात पहिल्या रात्री बराच वाद झाला. निर्णयापूर्वी चार अटी पाहाव्यात. पॅकेज सहसा संपूर्ण प्रवासासाठीच घ्यावे लागते, सोयीचे दिवस निवडता येत नाहीत. अनेक कंपन्यांत एका केबिनमधल्या एकाने मद्याचे पॅकेज घेतले तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावे लागते, आणि आमचे गणित इथेच फिसकटले, कारण मेहुणी मद्याला स्पर्श करीत नाही. तिसरी अट प्रत्येक पेयाच्या किमतीवरील मर्यादेची. त्याहून महाग पेय मागितले की वरची रक्कम वेगळी द्यावी लागते. काही ठिकाणी संख्येचीही मर्यादा असते : कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या पॅकेजात दिवसाला 15 मद्यपेयांच्या पुढे काही मिळत नाही. चौथी अट सेवाशुल्काची, जे बऱ्याच जहाजांवर 18 ते 20 टक्के असते आणि जाहिरातीतल्या किमतीत पुष्कळदा धरलेले नसते. शिवाय ज्या प्रवासात रोज नवे बंदर आहे, त्यात दिवसाचे सात-आठ तास आपण जहाजाबाहेर असतो. आम्ही सुटी पेये घेतली आणि माझ्या मते तेच योग्य ठरले. चार दिवस सलग समुद्रात असतो तर कदाचित उलटा निर्णय घेतला असता.

मद्य मागण्याचे वयही निघण्यापूर्वी तपासून ठेवावे. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर ते 21 आहे, तर युरोपातल्या बहुतेक फेऱ्यांवर 18. बोट लागू नये म्हणून गोळी घेतली असेल तर त्या दिवशी पेला दूर ठेवावा, कारण दोन्हींची गुंगी एकमेकींत मिळते.

आता सहलींविषयी. प्रत्येक बंदरासाठी जहाजाकडून सहली विकल्या जातात आणि त्या स्वतःच्या स्वतः केलेल्या सहलीपेक्षा बऱ्याच महाग असतात. ही जास्तीची किंमत मुख्यतः एका हमीची असते : जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबते किंवा प्रवाशांना पुढे पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. आपण आपले फिरायला गेलो आणि उशीर झाला, तर जहाज निघून जाते आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. म्हणून मी साधा हिशेब केला होता. जिथे प्रेक्षणीय स्थळ बंदरालगत आहे तिथे सहल घ्यायची नाही. जिथे अंतर लांब आणि रस्ता एकच आहे तिथे घ्यायची. कोटोरचे तटबंदीतले जुने शहर जहाजातून उतरल्यावर पायी गाठता येते आणि वरच्या किल्ल्याच्या सुमारे 1,350 पायऱ्या चढायला वाटाड्या लागत नाही. पिरेअसहून अथेन्सला मेट्रो जाते. फक्त अक्रोपोलिसचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, म्हणून ते काढताना जहाज धक्क्याला लागण्याच्या वेळेत पुरेशी सवड धरावी. कातकोलोहून ऑलिंपियाला मात्र आम्ही जहाजाच्या बसने गेलो आणि निश्चिंतपणे फिरलो.

सँटोरिनीने हा हिशेब कोलमडवला. तिथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या होड्यांनी किनाऱ्याला नेतात. जुन्या बंदरातून वर फिरा गावात जायला केबल कार, खेचरे किंवा जवळजवळ 600 पायऱ्या, एवढेच तीन मार्ग आहेत. आम्ही स्वतःहून बसने इया गावात जाऊन दुपारी चारला फिराला परतलो, तेव्हा केबल कारची रांग गल्लीतून वळून दिसेनाशी झाली होती. शेवटची होडी साडेपाचला होती. पाऊण तासात रांग जेमतेम वीस पावले सरकली तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, आता पायऱ्याच धरा.” त्या पायऱ्यांचे दगड पावलांनी घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले आहेत, त्यांवर खेचरांचे शेण पसरलेले असते आणि वळणावर खेचरांचा तांडा आला की भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. साडूभाऊंचा गुडघा सांभाळत आम्ही पस्तीस मिनिटांत खाली पोहोचलो, शेवटच्या होडीच्या दहा मिनिटे आधी.

त्या रांगेत आमच्याच जहाजाच्या सहलीला गेलेले प्रवासीही होते. तिथल्या अनेक सहली फिरामध्ये संपतात आणि वाटाड्या हातात केबल कारचे तिकीट देऊन निरोप घेतो, त्यानंतर खाली पोहोचण्याची जबाबदारी प्रवाशाची. हमी नेमकी कुठवर आहे, हे सहल विकत घेतानाच विचारून घ्यावे. होडीने उतरायच्या बंदरात आणखी एक धोका असतो : समुद्र खवळलेला असेल तर उतरणेच रद्द होते. अशा वेळी जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात, बाहेरच्याशी परस्पर ठरवलेल्या सहलीचे मिळतीलच असे नाही.

वेळेबाबतही सावध राहावे. ग्रीसचे घड्याळ इटलीपेक्षा एक तास पुढे आहे. आमच्या जहाजाने कातकोलोच्या आदल्या रात्री घड्याळ पुढे केले, पण काही जहाजे तसे करीत नाहीत, आणि फोन तर मनाला येईल तेव्हा वेळ बदलतो. मनगटावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे आणि रोजच्या छापील पत्रकाचे छायाचित्र काढून मगच उतरावे, कारण त्यावर परतीची अंतिम वेळ आणि बंदरातल्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो. ही अंतिम वेळ जहाज सुटण्याच्या किमान अर्धा तास आधीची असते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा, लागणाऱ्यांनी मार्ग नीट पाहावा. कोटोर शेंगेनबाहेर आहे, तिथून पुन्हा ग्रीसमध्ये शिरायचे तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि जमा केलेल्या बाटल्या काही जहाजांवर दुसऱ्या दिवशी सकाळी देतात. मधल्या वेळात बॅग आपल्याजवळ नसते आणि विमानात हातातल्या सामानात 100 मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव बहुतेक ठिकाणी चालत नाही. त्यामुळे बाटली केव्हा आणि कुठे मिळणार, हे आदल्या दिवशीच विचारावे, आणि सकाळी मिळणार असेल तर बॅगेत सर्वांत वर रिकामी जागा ठेवावी. साडूभाऊंनी त्रिएस्तेच्या टर्मिनलच्या फरशीवर बसून बॅग उघडली, व्हिस्की आणि रकिया दोन टॉवेलांमध्ये गुंडाळून आत बसवली आणि मोठ्या समाधानाने कुलूप लावले. इस्त्रीची पावती त्यांच्या खिशात सापडली, ती विमानतळावर.