टूलरूम सोडून आयटीआयमध्ये शिकवायला लागलो, त्याची हकीकत

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, मी २००५ च्या जूनपासून २०१८ च्या जुलैपर्यंत तेरा वर्षे काम केले. मेकॅनिकलची पदविका घेऊन लागलो तेव्हा पहिली काही वर्षे जिग आणि फिक्श्चर, म्हणजे घडवायचा भाग पकडून ठेवणारी साधने, जुळवण्यात आणि मार खाल्लेल्या डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, दुरुस्त करण्यात गेली. शेवटची पाच वर्षे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या, मशीनवर प्रोग्रॅम आणि सेटिंग, दोन्ही माझ्याकडे होते. नोकरी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, कारण मी ती सोडली म्हटल्यावर लोक एकतर भांडण झाले असेल असे समजतात किंवा कंटाळा आला असेल असे. दोन्ही खरे नाही. पंचवीस मिलिमीटरच्या भोकाला एच-७ ची मर्यादा, म्हणजे वर फक्त एकवीस मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मुभा, आणि भोक पहिल्याच फटक्यात त्या मर्यादेत बसले की होणारे समाधान मला शेवटच्या दिवसापर्यंत मिळत होते.

शिकवण्याची ओढ लागली ती शिकाऊ मुलांमुळे. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्यानुसार कारखान्यात दरवर्षी आयटीआयची मुले येत, आणि मी आरडाओरडा करत नाही एवढ्या एकाच गुणावर ती माझ्याकडे सोपवली जात. त्यातल्या एकाने एकदा एम-१० चा टॅप, म्हणजे दहा मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोकात आटे पाडायचे हत्यार, भोकात मोडला. मोडलेला टॅप काढणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम, त्यामुळे पोराला सगळ्यांनी झाडून शिव्या दिल्या. दुपारी त्याला बाजूला घेऊन विचारले, तर टॅपसाठी ड्रिल किती घ्यायचे याचे सूत्र त्याला तोंडपाठ होते: व्यासातून पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, वजा करायचा, दहातून दीड गेले की साडेआठ. मग आठचे ड्रिल का लावलेस? "साडेआठचं सापडलं नाही सर, म्हणून जवळचं लावलं." अर्ध्या मिलिमीटरने काय होणार आहे, हे त्याला कोणी दाखवलेच नव्हते. भंगारातला एक नट करवतीने उभा कापून आतले आटे त्याच्या हातात दिले, आणि भोक लहान पडले तर टॅपला किती जास्त धातू कापावा लागतो, हे त्यावर बोट ठेवून सांगितले. आठवडाभराने तोच मुलगा तो कापलेला नट घेऊन दुसऱ्या शिकाऊला तेच सांगताना दिसला. त्या दिवशी माझे स्वतःचे काम मागे पडले होते आणि मला त्याचे काही वाटत नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

ठरवायला त्यानंतर दोन वर्षे गेली. वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कशाला लागतोस?" एवढेच ते म्हणाले आणि नंतर विषय काढला नाही, जे मला बोलण्यापेक्षा जड गेले. पत्नी एका पतसंस्थेत नोकरीला आहे. तिने विरोध केला नाही, पण हिशेब मागितला. आम्ही वहीत चौदा महिन्यांचा घरखर्च, मुलीची फी आणि घराचा हप्ता मांडला, आणि तेवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही असे ठरवले. या चौदा महिन्यांत एक वर्ष प्रशिक्षणाचे आणि दोन महिने नोकरी शोधण्याचे धरले होते. दोन महिने पुरले नाहीत, पण ते पुढे येईल.

आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याला शिल्प निदेशक म्हणतात. त्या पदासाठी पदविका आणि दोन वर्षांचा अनुभव असला तरी शिकवण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण लागते, आणि त्यासाठी केंद्र सरकारचा क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, ज्याला सगळे सीआयटीएस म्हणतात. प्रवेश परीक्षा देऊन मला मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसायासाठी जागा मिळाली. जुनी माणसे या संस्थेला अजून एटीआय म्हणतात, आणि रिक्षावाल्याला तेच नाव सांगितलेले बरे.

कारखाना सोडताना एक चूक झाली, ती अशा वाटेवर असलेल्यांनी टाळावी म्हणून लिहितो. मला मिळालेल्या अनुभव प्रमाणपत्रावर पद 'सीनियर असोसिएट' असे होते आणि कामाचे स्वरूप कुठेच नव्हते. कारखान्यात सगळ्यांचे पद असोसिएटच होते, अगदी भांडारातल्या माणसाचेही. निदेशकाच्या जागेसाठी कागद तपासणारा मात्र त्या व्यवसायातला अनुभव शोधतो, आणि तेरा वर्षे फिटिंग केल्याचा त्या कागदावर मागमूस नव्हता. राजीनामा दिलेल्या माणसाचा अर्ज कोणत्याही कचेरीत तळाशीच जातो. तीन खेपा घातल्यावर आमच्या विभागप्रमुखांनी कामांची यादी असलेले पत्र स्वतः टाइप करून सही-शिक्क्यासह दिले. हे पत्र नोटीस देण्याआधी मागितले असते तर एका दिवसात मिळाले असते.

प्रशिक्षणाचे निम्मे वर्ष फिटिंगचे आणि निम्मे शिकवण्याच्या पद्धतीचे, असे साधारण म्हणता येईल. फिटिंग आपल्याला येतेच, तेव्हा वर्ष सोपे जाईल, अशी माझी समजूत होती. दुसऱ्याच आठवड्यात सूक्ष्म अध्यापनाचा पहिला पाठ झाला: सात मिनिटे, विषय व्हर्निअर कॅलिपर हे बारीक माप घेण्याचे साधन, आणि समोर माझ्यासारखेच प्रशिक्षणार्थी विद्यार्थी होऊन बसलेले. मी घडाघडा बोललो. मुख्य पट्टीवरचे एकोणपन्नास मिलिमीटर व्हर्निअरच्या सरकत्या पट्टीवर पन्नास भागांत वाटलेले असतात, म्हणून एका घराचा फरक ०.०२ मिलिमीटर, हे फळ्यावर मांडले आणि खाली बसलो. आमच्या सरांनी काही न बोलता फळ्याच्या कोपऱ्यात शब्दांची यादी लिहिली: डेटम, बर, पॅरॅलॅक्स, झीरो एरर, असे अकरा शब्द. ते सगळे मी सात मिनिटांत वापरले होते आणि एकाचाही अर्थ सांगितला नव्हता. समोरच्यांपैकी कोणीही विचारला नव्हता, कारण त्यांनाही ते येत होते. दहावीनंतर थेट कार्यशाळेत आलेला मुलगा मात्र पहिल्या शब्दालाच मागे राहिला असता, आणि त्यानेही विचारले नसते.

पाठ टाचणाचे, म्हणजे धडा कसा शिकवायचा त्याच्या आराखड्याचे, चार टप्पे तिथे पाठ करून घेतात: तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. सुरुवातीला हा सारा कागदी घोड्यांचा प्रकार वाटला, आणि ज्या तपशिलाने टाचणाच्या वह्या भरायला लावतात तो मला आजही थोडा जास्तच वाटतो. पण टप्पे खरे आहेत. कारखान्यातून आलेला माणूस सादरीकरणात रमतो, कारण तिथे त्याला आपली कारागिरी दाखवता येते. तयारी तो टाळतो, आणि उपयोजनात मुलाच्या हातातली कानस काढून घेऊन "बघ, असं" म्हणत जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, स्वतःच पूर्ण करून टाकतो. हा शेवटचा दोष माझ्यात पुरेपूर होता.

तो गेला कसा, हे जरा सविस्तर सांगायला हवे. सरावासाठी आम्हाला नवख्या मुलांच्या एका तुकडीवर पाठवले होते. पोलादाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, धरून त्याचा एक पृष्ठभाग सपाट करायचा, एवढेच काम. एका मुलाचा जॉब सतत फुगत होता. गुण्या लावून उजेडाकडे धरला की मध्ये टेकायचा आणि दोन्ही कडांना फट दिसायची. मी त्याला तीनदा करून दाखवले, तिन्ही वेळा माझा सपाट झाला आणि त्याचा पुन्हा फुगला. "सर, तुम्ही करता तसंच करतोय," तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते, कारण बाहेरून पाहता हालचाल अगदी तशीच होती. काय चुकते आहे ते मलाच सांगता येईना. वीस वर्षांपूर्वी आपण कसे शिकलो, हे हाताला ठाऊक होते, मला नव्हते.

त्या संध्याकाळी कार्यशाळा बंद होण्याआधी अर्धा तास मी कानस डाव्या हातात घेतली. उजवा पाय पुढे, मूठ डाव्या हातात, टोकावर उजवा पंजा. पंधरा मिनिटांत माझाही जॉब फुगला, हुबेहूब त्या मुलाच्या जॉबसारखा, आणि तेव्हा कुठे समजले की मी दोन्ही हातांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच दाब देतो आहे. कानस पुढे जाते तसा तिचा पुढचा भाग जॉबच्या बाहेर निघतो. दाब तसाच राहिला तर ती तराजूच्या दांडीसारखी झुकते, आधी मागच्या बाजूला आणि मग पुढच्या, आणि दोन्ही कडा खाऊन टाकते. सवयीच्या हाताला हे सांगावे लागत नाही. सुरुवातीला टोकावरच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्हींचा सारखा, शेवटी मुठीवरचा जास्त, आणि मागे आणताना दाब अजिबात नाही, कारण कानशीचे दात फक्त पुढे जातानाच कापतात. हे पाठ्यपुस्तकातही छापलेले असते. मी ते वाचून परीक्षेत लिहिलेही होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला खडूने कानशीवर तीन खुणा करून दिल्या आणि प्रत्येक खुणेला कोणता हात जड, ते मोठ्याने म्हणायला लावले. शेजारची मुले हसली. जॉब दुपारपर्यंत सरळ झाला, आणि उरलेला खडू त्याने कानशीच्या दातांवर घासला, म्हणजे किस अडकत नाही. ती युक्ती मात्र त्याला आधीपासून येत होती.

२०१९ च्या जुलैत प्रमाणपत्र मिळाले आणि वहीतले दोन महिने संपले तरी नोकरी नव्हती. शासकीय संस्थांतली नियमित पदे जाहिरात निघेल तेव्हाच. मधल्या काळात तिथे तासिका तत्त्वावर निदेशक घेतात, म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि सुट्टीचे काही नाही. शेवटी पुणे जिल्ह्यातल्याच एका खासगी आयटीआयमध्ये फिटरची वीस जणांची तुकडी मिळाली. कारखान्यात हातात अडतीस हजार येत होते, इथे सोळा. चार वर्षे पत्नीच्या पगारावर घराचा हप्ता गेला, हे लिहिताना मला आजही अवघड वाटते, पण हा आकडा न सांगता या वाटेबद्दल बोलणे योग्य नाही.

त्या संस्थेत एक सीएनसी लेथ होती, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेली. कंट्रोलची बॅटरी वेळेवर न बदलल्याने तिचे पॅरामीटर, म्हणजे तिच्यात साठवलेल्या नोंदी, उडाले होते, आणि दुरुस्तीचा खर्च मंजूर होत नव्हता. तपासणीला कोणी आले की आवरण काढून ती पुसली जाई. मी तिथे होतो तोवर ती फिरलेली पाहिली नाही. मुलांना कोड शिकवायचे ते फळ्यावर आणि संगणकावरच्या सिम्युलेटरवर, आणि मशीन पुसायची त्यांच्याचकडून.

मग मार्च २०२० आला. कानस मोबाईलवरून शिकवता येत नाही, हे मान्य करून मी ती वाटच सोडली आणि मोजमाप हाती घेतले. व्हर्निअरच्या दोन पट्ट्या पाचपट मोठ्या छापून मुलांना पाठवल्या. त्यांनी त्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि घरातल्या वस्तूंवर वाचन घेऊन फोटो पाठवले. एकाने लाटण्याचा व्यास तीन ठिकाणी मोजून ते मध्ये जाड का, असे विचारले. तुकडीतल्या सगळ्यांना व्हर्निअर वाचता आले ते त्याच वर्षी.

२०२३ पासून मी दुसऱ्या संस्थेत आहे आणि पगार कारखान्यातल्या जुन्या आकड्याच्या जवळ आला आहे, अर्थात २०१८ च्या. वडील आता ओळखीच्या मुलांना प्रवेशासाठी माझ्याकडे पाठवतात.

यंदा ऑगस्टमध्ये आलेल्या तुकडीत एक मुलगा डावखुरा आहे. आधी कोणीतरी त्याला उजव्या हाताने कानस धरायला लावली होती आणि तो पहिल्या दिवशी तशीच धरून उभा होता. मी त्याला पाय बदलायला सांगितले आणि शेजारच्या व्हाइसवर स्वतः डाव्या हाताने उभा राहिलो. आठवडाभर आम्ही शेजारी शेजारी एकेक तुकडा घासला. शनिवारी दोन्ही जॉब गुण्याला लावून खिडकीशी धरले, तर माझ्या जॉबच्या कडेला अजून उजेडाची रेघ होती. त्याच्या जॉबला नव्हती, आणि ते त्याने सगळ्या तुकडीला बोलावून दाखवले.