उज्जैनची पाच अंगुळं सावली

2025 च्या 20 मार्चला मी आणि बाबा उज्जैनमधल्या एका लॉजच्या गच्चीवर सकाळपासून ठाण मांडून बसलो होतो. महाकालाचं दर्शन आदल्या संध्याकाळीच घेतलं होतं. आजचा दिवस सावलीचा: ती मोजून गावाचा अक्षांश काढायचा. समोर कोटा दगडाची दोन फुटी फरशी, तिच्या मधोमध बैठकीसकट बरोबर 24 सेंटिमीटर उंचीची सागवानी काडी, शेजारी ओळंबा, पेन्सिल आणि पाण्याचा तांब्या.

फरशी लॉजवाल्या काकांनी दिली. गच्चीला पाण्यासाठी उतार असतोच, त्यामुळे ती सपाट बसवण्यात पाऊण तास गेला. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात शंकू उभा करायला पाण्यानं समतल तपासलेली शिळा घ्यायला सांगितली आहे. आम्हीही फरशीवर पाणी ओतायचो, ते ज्या बाजूला पळेल तिथे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचो. शेवटी पाणी कुठेच न जाता मधोमध पसरून राहिलं, तेव्हा बाबा म्हणाले, "आता ठेव गं काडी."

शंकू म्हणजे सरळ उभी काडी, एवढंच ते यंत्र. यज्ञवेदींची मापं सांगणाऱ्या शुल्बसूत्रांच्या काळापासून दिशा काढण्यासाठी तो वापरात आहे. काडीभोवती वर्तुळ काढायचं, सावलीचं टोक सकाळी आत येतं तिथे खूण, दुपारी बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. सिद्धान्तग्रंथांत शंकूची उंची 12 अंगुळं धरतात. मी एक अंगुळ दोन सेंटिमीटरचं धरलं, म्हणून काडी 24 ची. अंगुळ किती मोठं घेतलं यानं फरक पडत नाही, कारण सगळा हिशेब गुणोत्तरांचा आहे.

आणि 20 मार्चच का? त्या वर्षी सूर्य विषुववृत्त ओलांडणार होता तो क्षण याच दुपारी अडीचच्या सुमाराला होता. विषुवदिनी मध्यान्हीला 12 अंगुळांच्या शंकूची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. प्रत्येक गावाची पलभा वेगळी, आणि तिच्यात त्या गावाचा अक्षांश दडलेला असतो. आमच्या पुण्याची पलभा जवळजवळ नेमकी 4 अंगुळं. आदल्या वर्षी याच तारखेला घरच्या गच्चीवर याच काडीनं मोजली, तर आठ सेंटिमीटर भरली होती. तेव्हापासूनच उज्जैनला यायचं मनात होतं. जुन्या ज्योतिषग्रंथांची मध्यरेषा इथूनच जाते: लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांना जोडणारी. बाकीच्या गावांचं देशांतर, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर, तिच्यापासून मोजायचं. जुन्या काळचा ज्योतिषी वराहमिहिर, त्याचं हे गाव.

साडेनऊपासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक ठिपका. उज्जैन भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बऱ्याच पश्चिमेला असल्यामुळे इथली खरी मध्यान्ह त्या दिवशी घड्याळात 12 वाजून 34 मिनिटांनी होती. साडेबाराला आम्ही दोघंही फरशीवर वाकलो. सावलीच्या टोकाला स्पष्ट कड नसते. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून टोकाशी दोन-अडीच मिलिमीटरची धूसर पट्टी राहते. तिच्या मध्यावर खूण करायची. "बाबा, तुमची सावली पडतेय," म्हटल्यावर ते छत्री घेऊन मागे सरकले. खूण झाली, पट्टी लावली. 10.2 सेंटिमीटर. म्हणजे 5 अंगुळं आणि 6 व्यंगुळं (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग).

12 आणि 5 हे आकडे शेजारी दिसले की कुणालाही 13 आठवेल. इथला शंकू, सावली आणि दोघांची टोकं जोडणारा छायाकर्ण मिळून जवळजवळ 5-12-13 चा काटकोन त्रिकोण होतो. मला हे फार सुंदर वाटलं. मध्यरेषेवरच्या गावाच्या वाट्याला हा त्रिकोण यावा, हा योगायोगच, पण गच्चीवर तो आपल्या हातानं काढताना अंगावर शहारा आला.

इथपर्यंत काडीचं काम. पुढे आर्यभटाची गरज लागते. त्यानं 499 च्या सुमारास आर्यभटीयात एका श्लोकात 24 'ज्या', म्हणजे आजच्या भाषेत साइन, यांचे फरक बसवून ठेवले: 225, 224, 222, 219, 215, 210, 205 असे उतरत जाणारे. वर्तुळाची त्रिज्या 3438 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि पाव वर्तुळाचे 24 तुकडे, प्रत्येक 3 अंश 45 कलांचा. फरकांची बेरीज करत गेलं की ज्या मिळतात. सहावी ज्या 1315, सातवी 1520.

मी वहीत गणित मांडलं. छायाकर्ण 13.04 अंगुळं. 3438 ला 5.1 नं गुणून 13.04 नं भागलं की अक्षज्या, म्हणजे अक्षांशाची ज्या, आली 1345. ती सहाव्या ज्येपेक्षा 30 नं जास्त. सहावी ज्या साडेबावीस अंशांची. उरलेल्या 30 साठी त्रैराशिक: 205 ला 225 कला, तर 30 ला किती? सुमारे 33 कला. अक्षांश 23 अंश 3 कला. उज्जैनचा खरा अक्षांश 23 अंश 11 कलांच्या आसपास आहे. आठ कलांची चूक, म्हणजे जेमतेम पंधरा किलोमीटर. कॅलक्युलेटरवर साइनचं बटण दाबलं नव्हतं. दीड हजार वर्षांपूर्वीचा एक श्लोक पुरला.

बाबांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. "पुणे नि इथल्या अंशांतला फरक काढ की." पुण्याचा माझा आकडा 18.4 अंश, इथला 23, फरक 4.6. नकाशावर दोन गावांतलं निव्वळ उत्तर-दक्षिण अंतर मोजलं तर 517 किलोमीटर. 4.6 अंशांना 517, तर 360 ला किती? साधारण 40,500. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा परीघ 40,008 किलोमीटर आहे. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत हीच रीत दिली आहे: एकाच रेषेवरची दोन गावं, त्यांच्या अक्षांशांतला फरक, आणि मधलं अंतर योजन या जुन्या मापात. त्यांचा परीघ 4967 योजनं. त्याच ग्रंथाच्या यंत्राध्यायात गोल, नाडीवलय, चक्र, फलक वगैरे यंत्रं सांगून झाल्यावर ते धीयंत्राकडे येतात. धी म्हणजे बुद्धी, आणि तिच्या जोडीला हातात एक काठी.

तीनपर्यंत ठिपके घेऊन आम्ही शिप्रेकाठच्या वेधशाळेत गेलो. जयपूरच्या सवाई जयसिंगानं दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि इथे अशा पाच वेधशाळा उभारल्या. पितळी यंत्रं लहान असतात आणि त्यांचे आस झिजतात, म्हणून त्यानं दगडचुन्याची भव्य यंत्रं बांधली. इथल्या वेधशाळेची 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी डागडुजी केली.

सम्राट यंत्राच्या जिन्याची भिंत ध्रुवाकडे रोखलेली आहे. तिची सावली शेजारच्या कमानीवर सरकते. माझ्या घड्याळात 4 वाजून 6 मिनिटं, कमानीवर 3 वाजून 32. मी जवळ जाऊन सावलीच्या कडेशी बोट धरलं. धूसर पट्टी इथेही होतीच, फक्त मोठी. यंत्र कितीही वाढवा, सूर्य तबकडीच राहणार. गच्चीवर मी केलं तेच, पट्टीचा मध्य शोधणं, इथल्या निरीक्षकालाही करावं लागत असणार. हे लक्षात आल्यावर त्या भिंतीशी एकदम ओळख झाल्यासारखं वाटलं. दिगंश यंत्र आणि भित्ती यंत्र आम्ही भराभर पाहिली, कारण मला नाडीवलयापाशी थांबायचं होतं.

नाडीवलय म्हणजे विषुववृत्ताच्या पातळीत तिरका बसवलेला दंडगोल. सूर्य उत्तर गोलात असला की सहा महिने त्याची उत्तरेची तबकडी उजळते, दक्षिण गोलात असला की दक्षिणेची. त्या दुपारी दोन्ही तबकड्या जवळजवळ सारख्याच मंद होत्या. ऊन पृष्ठाला नुसतं चाटून जात होतं. एका तबकडीसमोर मी, दुसरीसमोर बाबा. "तुमच्याकडे?" मी विचारलं. "मंदच आहे गं," पलीकडून आवाज आला.

रात्री फरशीवरच्या ठिपक्यांना पट्टी लावली. विषुवदिनी सावलीचं टोक दिवसभर सरळ रेषेत चालतं, हे मी वाचलं होतं. सगळे ठिपके एका रेघेवर होते, फक्त पावणेअकराचा एक किंचित बाहेर, तेव्हा चहा आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही फरशीपाशी आडवे होऊन त्या रेघेवरून पूर्वेकडे डोळा लावला. समोरच्या इमारतींमुळे सूर्य दिसायला थोडा उशीर झाला, आणि तेवढ्यात तो रेघेच्या किंचित उजवीकडे सरकला होता.